वर निखारा, खाली निखारा

दसरा उलटला, सोयाबीन घरात आले की आमच्याकडे पत्रे सुरू होतात. अनारसा हसतो, चकली दुसऱ्या दिवशी मऊ पडते, ही गाऱ्हाणी तर दरवर्षीचीच. यंदा मात्र दोघी-तिघींनी एकच प्रश्न विचारला आहे. घरात ओव्हन नाही, तरी नानखटाई आणि केक घरी होतात का? एकीच्या मुलाचा पहिला वाढदिवस ऐन दिवाळीत आहे. तिच्या सासूबाईंचे म्हणणे असे, की ही भाजायची यंत्रे शहरातल्या बायकांची, आपण आपला शिरा करावा.

शिरा करावाच. शिऱ्याला माझा कधीच विरोध नाही. पण भाजणे आपल्याला परके आहे, हे काही त्या माउलीचे मला पटत नाही. परका आहे तो लोखंडी पेटारा. विद्या आपल्या घरचीच आहे.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर मोठमोठी तवशी लोंबू लागली की आई धोंडस करी. तवसे किसून त्याच्या सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून शिजवायचे. मग जाड बुडाच्या कल्हई केलेल्या पातेल्यात हळदीचे पान पसरून, तुपाचा हात फिरवून ते मिश्रण थापायचे. पातेले मंद विस्तवावर, आणि झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे रसरशीत निखारे. तासाभराने झाकण काढले की वरून तांबूस, आतून लुसलुशीत अशी वडी तयार. याला कुणी केक म्हणत नसे. पण केक याहून वेगळा काय असतो?

गोव्यातली बिबिंका अशीच होते. एक थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यावर भाजायचा, त्यावर दुसरा थर. विदर्भ-मराठवाड्यात नवसाच्या जेवणाला गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजतात. खानदेशात वरणाबरोबरची बट्टी गोवऱ्यांच्याच आचेवर भाजत. या सगळ्यांत युक्ती एकच: पदार्थाला चारी अंगांनी कोरडी धग द्यायची. तेवढे जमले की ओव्हन जमला.

मी ही युक्ती माहेरी पाहिली खरी, पण हातात घेतली ती सासरी, आणि तीही एका दुःखाच्या निमित्ताने. ते सांगून मग कृतीकडे वळते.

आमचे घर सातारा जिल्ह्यात. इकडे दिवाळीच्या आधी तालुक्याच्या गावी बेकरीच्या भट्टीवर आपले सामान नेऊन बिस्किटे भाजून आणायची रीत आहे. पीठ आपले, साखर आपली, तूप आपले. बेकरीवाल्याला फक्त मजुरी द्यायची. १९८४ ची दिवाळी ही माझी लग्नानंतरची पहिली. दारात एकच म्हैस, दूध दोन्ही वेळा डेअरीला जाई. सासूबाई त्यातून रोज अर्धा लिटर मागे ठेवीत आणि साय साठवीत. म्हशीच्या दुधाचे किलोभर तूप काढायचे तर पंधरा-सतरा लिटर दूध लागते. म्हणजे हिशेब तुम्हीच करा, महिन्याहून अधिक दिवसांची ती बेगमी होती. "सुनेची पैली दिवाळी हाय," म्हणून त्यांनी ते सगळे तूप माझ्या हाती दिले.

भट्टीवर गर्दी. आम्ही बायकांनी तिथेच बसून गोळे वळले. माहेरच्या सवयीने मी प्रत्येक गोळ्यावर एकेक चारोळी दाबली. संध्याकाळी डबा घेऊन एसटीने घरी आले. झाकण उघडले तर एकाही बिस्किटावर चारोळी नाही, आणि वास डालड्याचा. डबा बदलला होता. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर तिथे कुणी ओळख द्यायला तयार नाही.

मी रडले. सासूबाई रागावल्या नाहीत, पण ती बिस्किटे दिवाळीभर त्यांनी तोंडात घातली नाहीत. एवढेच म्हणाल्या, "जाऊ दी. ज्येच्या घरी गेलं, त्येच्या पोरांनी खाल्लं." अजूनही दिवाळी आली की मला वाटते, कुठल्या गावच्या त्या बाईने डबा उघडल्यावर चारोळ्या पाहून काय म्हटले असेल!

पुढच्या वर्षी मी भट्टीवर गेले नाही. आईची धोंडसाची रीत आठवून परसात तीन दगड मांडले. पहिला घाणा खालून करपला आणि वरून पांढराफटक राहिला. सासूबाईंनी एक नानखटाई उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "वरची बाजू म्हायेरची दिसती, खालची सासरची." वर्षभरात आम्ही दोघी एवढ्या मोठ्याने हसलो नव्हतो. तिसरा घाणा जमला.

आता रीत सांगते. जाड बुडाचे, उभट, जुने पातेले घ्या. जर्मनचे असले तरी चालेल, पण पातळ नको. नदीची वाळू चाळून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून पातेल्याच्या तळाशी दोन बोटे जाड पसरा. वाळू मिळत नसेल तर जाडे मीठ चालते. वाळू आच अडवून धरते आणि सावकाश, सारखी देते. त्यामुळे बूड करपत नाही. त्यावर छोटी अडणी ठेवा. पदार्थाची ताटली अडणीवर बसेल आणि ताटलीच्या कडेभोवती बोटभर मोकळी जागा राहील असे पाहा. त्या जागेतून गरम हवा वर फिरते. झाकण सपाट, जड आणि घट्ट बसणारे हवे.

पदार्थ घालण्याआधी पातेले रिकामेच झाकून पंधरा-वीस मिनिटे तापवायचे. आच बरोबर झाली का, हे पाहायला यंत्र नको. एका वाटीच्या झाकणीत चिमूटभर कोरडी कणीक पसरून आत ठेवा. पाचेक मिनिटांत ती बदामी झाली तर आच नेमकी. दोन मिनिटांतच काळवंडली तर विस्तव ओढा. पांढरीच राहिली तर थांबा. पहिल्या वर्षी आम्हाला हीच कळ नव्हती. जाळ भरपूर घातला की लवकर होईल, असे वाटे.

चुलीवर करणाऱ्यांनी झाकणावर निखारे ठेवावेत. गॅसवर वरची धग मिळत नाही, म्हणून पदार्थ वरून फिकट राहतो. त्यावर उपाय असा, की दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा चांगला तापवायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांत झाकण काढून तो तवाच पातेल्यावर ठेवायचा. दोन सावधगिऱ्या मात्र विसरू नका. निखाऱ्याचे काम परसात किंवा ओसरीवर करा, बंद खोलीत कधीच नको. धूर दिसला नाही तरी निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. आणि झाकण उचलताना साडी सुती असावी, पदर खोचलेला असावा, पोरे लांब असावीत.

कुकरमध्ये केक करण्याची टूम हल्ली फार आहे. शिट्टी आणि रबर काढून, पाणी न घालता कुकर तापवतात. होतो केक, नाही असे नाही. पण कोरडा तापवल्याने कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह वितळण्याची भीती असते आणि कुकरही खराब होतो. रोजच्या वरणभाताचा चांगला कुकर यासाठी बिघडवू नये. काही जणी पाणी घालून करतात, तेव्हा ढोकळ्यासारखे काही तरी निघते आणि मग पत्र येते, "केकला रंग का येत नाही?" वाफेची आच शंभर अंशांच्या आसपासच राहते. खमंगपणा आणि तांबूस रंग यायला पदार्थाभोवती दीडशेच्या पुढची कोरडी आच लागते. म्हणून नानखटाईच्या पातेल्यात पाण्याचा थेंब नको, आणि वाळू दमट नको.

नानखटाईतला नान हा शब्द फारसी, रोटी या अर्थाचा. आपल्याकडे सुरतेची नानखटाई पूर्वीपासून नावाजलेली. तिचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. पिठाच्या निम्मी पिठीसाखर, आणि निम्म्याहून थोडे अधिक तूप. पाव किलो पिठात दीडशे ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम बेसन आणि पन्नास ग्रॅम बारीक रवा घ्या. सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, दीडशे ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलची आणि जायफळ. एवढ्यात पंचवीसेक नानखटाया होतात.

सगळी मेख तुपात आहे. तूप थिजलेले, रवाळ हवे. पातळ केलेले नको. परातीत घेऊन तळहाताने फेसायला बसा. आधी ते पिवळसर, जड लागते. पाच-सात मिनिटांनी पांढरे, हलके होते आणि हाताला लोण्यासारखे लागते. मग पिठीसाखर घालून पुन्हा फेसा. दाणेदार साखर घालू नका, नानखटाई पसरते. पिठे, सोडा, मीठ दोनदा एकत्र चाळून त्यात घाला आणि बोटांनी हलकेच गोळा करा. इथे हात आवरायचा! आपल्याला पोळीची कणीक तिंबायची सवय असते. पण जितके मळाल तितका पिठाला चिवटपणा येईल आणि नानखटाई दगड होईल. पाणी नाही, दूध नाही. गोळा अगदीच फुटत असेल तर चमचाभर तूप आणखी.

गव्हाविषयीही सांगते, कारण शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न दुकानाचा नसून कणगीचा असतो. खुसखुशीत पदार्थाला मऊ, कमी चिवट गहू बरा. आपल्या घरचा लोकवन पोळीला उत्तम, पण नुसत्या त्याच्या कणकेची नानखटाई जरा कडक होते. म्हणून बेसन किंवा तांदळाचे पीठ मिसळायचे. त्यांच्यात चिवटपणा धरणारा गुण नाही. बन्सी गहू असेल तर त्याचा रवा काढा, तो नानखटाईला कुरकुरी देतो. मैदा आणलाच पाहिजे असे नाही. मैद्याची नानखटाई देखणी होते हे खरे, पण घरच्या कणकेला जो खरपूस वास येतो तो मैद्याला नाही.

गोळे लिंबाहून लहान करा, किंचित चपटे करून तुपाचा हात लावलेल्या ताटलीत अंतर ठेवून मांडा. पंधरा मिनिटांनी वर भेगा पडू लागतात. वीस-पंचवीस मिनिटांत कड बदामी होते. त्या वेळी नानखटाई हाताला मऊच लागते, आणि नवखी बाई इथेच फसते. कच्ची आहे असे समजून पुन्हा ठेवते आणि करपवते. काढा, ताटलीतच गार होऊ द्या, हात लावू नका. गार होताना ती कडक होते. पहिला घाणा चार-पाचांचाच घाला. पसरल्या तर तूप मऊ होते किंवा जास्त झाले. परात थोडा वेळ गार जागी ठेवा. फुटून भुगा झाला तर तूप कमी पडले.

गूळ घालायचा असेल तर बारीक किसून, कोरडा करून घाला. पण गुळाची नानखटाई लवकर काळपटते, म्हणून आच कमी. नाचणीचेही असेच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष झाले, तेव्हापासून नाचणीची बिस्किटे गावोगावच्या बचत गटांच्या टेबलांवर दिसू लागली आहेत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गव्हाच्या कितीतरी पट. पण नुसत्या नाचणीची चव घशाला कोरडी लागते. पीठ आधी मंद भाजून घ्यावे आणि निम्मी कणीक घालावी. नाचणीचे पीठ काळसर असल्याने रंगावरून भाजणे कळत नाही. तिथे नाकावर भरवसा ठेवा.

आता त्या पहिल्या वाढदिवसाचा केक. आमच्या नातवाच्या वाढदिवसाला एका वर्षी हौसेने तालुक्याहून क्रीमचा केक आणला होता. ऑक्टोबरचे ऊन, मोटारसायकलवर वीस किलोमीटर. घरी पोचेपर्यंत क्रीम खोक्याच्या कडेला आणि बाळाचे नाव तळाशी. शिवाय आंबूस वास. लहान बाळाच्या तोंडी असले काही लावायला माझे धाडस झाले नाही. तेव्हापासून रव्याचा केक घरीच.

दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी किंचित आंबट दही, सव्वा वाटी साखर किंवा किसलेला गूळ, पाऊण वाटी तूप किंवा घाण्यावरचे ताजे गोडे तेल, आणि लागेल तसे वाटीभर दूध. सगळे कालवून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण घट्ट होते, मग दूध घालून इडलीच्या पिठाइतके सैल करा. पातेले तापल्यावरच, अगदी शेवटी, अर्धा चमचा सोडा आणि एक चमचा बेकिंग पावडर घालून झटपट ढवळा आणि तूप-पीठ लावलेल्या डब्यात निम्म्याहून थोडे जास्त ओता. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे सुटतात. ते डब्यात सुटावेत, परातीत वाया जाऊ नयेत. सोडा घालून मग पातेले तापवत बसणाऱ्यांचा केक बसतो.

नानखटाईला वरची धग सुरुवातीपासून हवी, केकला नको. वरून लवकर पापुद्रा धरला की केक फुगू शकत नाही, मधोमध फुटतो. म्हणून पहिला अर्धा तास झाकणावर काही ठेवू नका आणि उघडूनही पाहू नका. शेवटची दहा मिनिटे निखारे. सारा मिळून पाऊण तास धरा. स्वच्छ सुई मधोमध खुपसून कोरडी निघाली की झाला.

अंडी चालणाऱ्या घरात दोन अंडी फेटून घातली तर केक अधिक हलका होतो, मग दूध कमी करावे. मात्र पुस्तकात दोन लिहिलेली असतील तर आपल्या गावरान कोंबडीची तीन घ्या, ती लहान असतात. क्रीम नको. केक गार झाल्यावर वर कागदाची नक्षी ठेवून पिठीसाखर चाळणीने भुरभुरा आणि कागद उचला. बाळाचे नाव असे उत्तम उमटते. ज्या भगिनीने विचारले तिला सांगणे, की आधी सासूबाईंकडून बाळाचे औक्षण करून घ्यावे, शिरा त्यांच्या हातचा असावा, आणि मग केक कापावा. मेणबत्ती विझवण्याचा आग्रह नसावा. निरांजन लावलेल्या घरात लगेच फुंकर घालणे म्हाताऱ्या माणसांना खटकते, आणि त्यांचे खटकणे मला चुकीचे वाटत नाही.

ज्यांना घरी जमणार नाही, त्यांनी भट्टीवर अवश्य जावे. पण सामान देऊन बाजाराला जाऊ नये, तिथेच बसावे. डब्याच्या झाकणावर आणि डब्यावर, दोन्हीकडे नाव घालावे. लाकडाच्या भट्टीत पहिली कडक आच पावाची, ती उतरल्यावर बिस्किटांची. म्हणून घाई करून पहिला नंबर मागू नये. आणि तूप आपलेच वापरतात का, हे पाहावे. वनस्पती तूप सगळेच वाईट असे मी म्हणत नाही. तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला अपाय करणारी ट्रान्स फॅट नावाची चरबी तेला-तुपात २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन १ जानेवारी २०२२ पासून आले आहे. तरी सुटे, बिनलेबलचे डबे बाजारात दिसले तर त्यांत काय आहे हे कुणी सांगू शकत नाही. घरी तूप कमी असेल तर अर्ध्या प्रमाणात करा. पंचवीस नानखटाया तुपाच्या असाव्यात.

वसुबारसेचा उपवास करणाऱ्या भगिनी त्या दिवशी गहू आणि गाईचे दूधतूप वर्ज्य मानतात. त्यांनी हे काम दोन दिवस आधी उरकून डबे बंद करावेत, नाहीतर चव पाहायची पंचाईत. डबा पत्र्याचा, कोरडा. तळाशी कागद, आणि नानखटाई पूर्ण गार झाल्यावरच भरायची. चिवडा-लसणीच्या शेवेशेजारी ठेवू नका, तुपाच्या पदार्थाला वास लागतो. पंधरा दिवस सहज टिकतात. अर्थात, टिकू दिल्या तर.

भाजून झाल्यावर वाळू गार करून डब्यात भरा आणि वर चिठ्ठी लावा. चिठ्ठी लावाच! आमच्या घरधन्यांनी एकदा माझी चाळलेली, धुतलेली, तीन दिवाळ्या जपलेली वाळू गोठ्याच्या उंबऱ्याला सिमेंटात कालवून टाकली होती.

पुढच्या अंकी अनारसे. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवावे लागतात, तेव्हा जुने तांदूळ आजच काढून ठेवा.